भाऊमामांचा काळा डॉलर

भाऊमामा बिस्कीटसुद्धा कडेनं धरायचे. दोन बोटांच्या चिमटीत, पोटाला स्पर्श न होऊ देता, चहात बुडवतानाही. जन्मभर जुनी नाणी हाताळून लागलेलं वळण.

हे मेधाचे, म्हणजे माझ्या बायकोचे मामा. लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले. छंद एकच, अमेरिकेची अगदी सुरुवातीची चांदीची नाणी. "मामा, इथे राहून इंग्लंडच्या राजांची का नाही जमवत?" मी एकदा विचारलं.

"जावईबापू, राजे आपण टॅक्स भरून सांभाळतोच की! या लोकांनी राजाला घालवलं आणि नाण्यावर स्वातंत्र्यदेवी म्हणून केस मोकळे सोडलेली बाई आणली. हिंमत बघा!"

"तिला म्हणावं, पाहुणे आलेत, अंबाडा घाल," मामी किचनमधून म्हणाल्या.

त्यांच्या जिवाचा तुकडा म्हणजे एक डॉलर. काळाकुट्ट, करपलेल्या पापडासारखा. "हा काळेपणा त्यानं दोनशे वर्षं कमावलाय, किंमत त्याचीच," असं मामा दर भेटीत सांगायचे. मी दर भेटीत फोन बघत "हो ना" म्हणायचो. मिल्टन कीन्सहून गाडी हाणत आलेल्या जावयाला एवढी सूट असते.

तीस वर्षं मामांनी त्या डॉलरची किंमत कुणाला विचारली नव्हती. एका दिवाळीत मात्र त्यांनी धीर केला. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लिलाववाल्यांचा तज्ज्ञ घरी येणार होता. "आधी देवीला दाखवतो, मग साहेबाला," म्हणत त्यांनी डॉलर पूजेच्या ताटात ठेवला आणि वर आंघोळीला गेले.

मामी मला म्हणाल्या, "ताटातलं चांदीचं तेवढं घासून ठेवता का?"

सासरच्या मंडळींनी विश्वासानं सोपवलेलं हे माझं पहिलंच काम. टूथपेस्ट, लिंबू आणि जुना ब्रश घेऊन मी निरांजन घासलं, करंडा घासला. डॉलर तर जीव ओतून घासला. बाईचा केस न् केस दिसायला लागला.

मामा खाली आले. ताटातला डॉलर कडेनं उचलून उजेडात धरला.

"ब्रश कुठला वापरलात?"

"जुनाच. मऊ होता, मामा."

"हं."

मग मेधानं मला बाजूला घेऊन मी काय केलंय ते सांगितलं. आरती मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटली. दुसरं करणार काय?

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञानं भिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला. "हू क्लीन्ड इट?"

मी पडद्याचं कापड निरखायला लागलो.

"आय डिड," मामा म्हणाले.

किंमत पाव उरली होती. तज्ज्ञ गेल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर मामांनी डॉलर उचलून सरळ तळहातावर ठेवला आणि मूठ मिटली.

"तीस वर्षं कडेनं धरला, जावईबापू. आज पहिल्यांदा हातात घेतला. चांगला जड आहे हो!"

मामा चार वर्षांपूर्वी गेले. मामींनी डॉलर आमच्याकडे दिला. दिवाळीत तो घरभर फिरतो, हवं त्यानं मुठीत धरावा. इतक्या हातांनी तो पुन्हा काळा पडायला लागलाय. चांदी घासायचं काम मेधानं माझ्याकडून कायमचं काढून घेतलंय. मी आपला कोपऱ्यात बसून चहा पितो, बिस्कीट कडेनं धरून.