जळलेल्या सुताचा वास

कुणीही समोर आलं की काका आधी त्याच्या सदऱ्याची कड अंगठा आणि बोटात धरून चोळायचे. नमस्कार नंतर. निजामपुऱ्यात त्यांचे बारा लूम, चाळीस वर्षं कापडातच गेलेली, त्यामुळे माणूससुद्धा ते बोटांनीच ओळखत. आमच्या टूरच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा माझी बाही चोळून म्हणाले, "पॉलिस्टर. कॉटनच्या भावात घेतलंस." मग बँकॉकच्या सहलीचं पत्रक उचललं, तेही तसंच चोळलं आणि म्हणाले, "यात गोम हाय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुकानदाराने बोलावून चहा पाजला तर कप रिकामा होईपर्यंत त्याच्या मनात काय असेल याचा विचार करणारी. काका त्यातले. त्यांचा प्रश्न साधा होता. एवढ्या पैशात विमान, हॉटेल, नाश्ता आणि बस परवडते कशी?

मी दिघाशी गावचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी.कॉम.चं सर्टिफिकेट चौकटीत घालून टेबलामागे टांगलेलं होतं. त्याच्यासमोर बसून मी त्यांना घाऊक बुकिंगचं गणित समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"गणित बराबर हाय," म्हणाले. "गोम दुसरीकडं हाय."

तरी दोन जागा घेतल्या, कारण काकी अडून बसल्या होत्या. चाळीस वर्षं कापडवाल्याच्या घरात काढली पण अंगाला रेशीम लागलं नाही, तिकडे चांगलं मिळतं म्हणतात, तर आता घेतल्याशिवाय मरायची नाही, असं त्यांनी ऑफिसात माझ्यादेखत सुनावलं.

ग्रुप घेऊन जायची माझी ती पहिलीच खेप. काकांनी बॅगा घरून सुताच्या काट्यावर तोलून आणलेल्या. विमानतळावर अर्धा किलो जास्त भरलं तर काउंटरवरच्या मुलीला विचारतात, "मॅडम, आपका काटा चेक कब किया?" हॉटेलात फ्रीजमधल्या बाटल्यांचे न पिताही पैसे लावतात असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. खोलीत शिरताच पिशवीतून सूत काढलं, फ्रीजला गुंडाळलं, लुमावरची गाठ मारली आणि मला बोलावून घेतलं. "तू साक्षीदार. निघताना ही गाठ तुझ्यासमोर सुटंल."

पाणी विकत घ्यायचं नाही. खोलीतल्या किटलीत उकळायचं, निववायचं, बाटल्यांत भरायचं. आधी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी अर्धा ग्रुप रिकाम्या बाटल्या घेऊन त्यांच्या दाराशी उभा होता.

त्याच दिवशी बस रेशमाच्या दुकानापाशी थांबली. हे थांबणं पत्रकात होतं. त्या दुकानाकडून ऑफिसला कमिशनचं पाकीट मिळायचं आणि या खेपेला मलाही मिळणार होतं, ते पत्रकात नव्हतं. सहल स्वस्त पडायची ती त्याच्यामुळे.

काकींनी मोरपंखी शाल हातात घेतली आणि ती खाली ठेवेनात. काकांनी शालीची एक दशी हळूच तोडली, बाहेर जाऊन बसच्या ड्रायव्हरकडून लायटर मागितला आणि सूत पेटवलं. ते पॉलिस्टरसारखं वितळलं. टोकाला काळा मणी झाला. काकांनी तो नखाने दाबला, फुटला नाही. आत येऊन काकींना एवढंच म्हणाले, "ठेव ती खाली." काकींनी ठेवली, पण बसमध्ये त्यांच्याशेजारी न बसता मागे जाऊन बसल्या.

काका माझ्याजवळ आले. तळहातावर तो मणी.

"तुला म्हाईत व्हतं?"

"कमिशनचं माहीत होतं. कापडाचं नाही."

"इचारलं व्हतंस?"

"नाही."

"ग्रॅजुएट हायेस ना तू," म्हणाले आणि मणी खिडकीतून टाकला. ग्रुपमध्ये त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला परतेपर्यंत वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. काका म्हणाले, "चल. आज तुला कमिशन न्हाय." काकी, ते आणि मी. चार दुकानांत चार सुतं जळली, चार मणी झाले. मग कालव्याकाठच्या गल्लीत एका घराच्या ओट्यावर म्हातारी हातमाग चालवताना दिसली. काकांनी बाजूला टांगलेल्या शालीच्या दशीला हात घातला तशी ती उठली आणि तिने त्यांचा हात बाजूला सारला. मला वाटलं, आता भांडण. तिने कात्रीने स्वतःच एक सूत कापलं, काडी ओढली आणि जळकं टोक काकांच्या नाकाखाली धरलं. केस जळल्याचा वास, खऱ्या रेशमाचा. दाबलं तर भुगा.

काका तिच्याशी हिंदीत बोलू लागले, ती तिच्या भाषेत. दोघं मागाच्या धोट्याकडे, फणीकडे बोटं दाखवत होते आणि दोघांनाही समजत होतं. शेवटी तिने किंमत लिहून दाखवली. पाणी उकळून, पायी फिरून वाचवलेलं सगळं त्यात जाणार होतं. मी भाव करायला तोंड उघडलं तर काकांनी माझं मनगट धरलं.

"यात गोम न्हाय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं.

दुकानाचं पाकीट मी परत केलं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत बसमधून उतरायच्या आधी सांगतो, इथे मला पैसे मिळतात, बघून घ्या. ऑफिसचे मालक चिडले होते. लोक तरीही खरेदी करतात.

काका गेल्या वर्षी गेले. भेटायला गेलो तेव्हा काकींनी ट्रंकेतून शाल काढली. रंग तसाच होता, पण एका टोकाच्या दशा जवळजवळ संपलेल्या. उंदीर लागले का, मी विचारलं.

"कसले उंदीर," काकी म्हणाल्या. "घरी कोन पन आला का हे काडी वडायचे. पावना, पोष्टमन, लाइटबिलवाला. एक दशी जालायची आन त्याला वास द्यायचा."

मी म्हटलं, अभिमान होता त्यांना. काकींनी शाल मांडीवर पसरली. मग म्हणाल्या, कुणी आलेलं नसतानाही काकांना एकट्याने दशी जाळून वास घेताना त्यांनी दाराआडून पाहिलं होतं. दोनदा.

शालीची घडी घालताना त्यांनी ते ओकं टोक वरच्या बाजूला ठेवलं.