मिल्काबाईंचे दहा पुरुष

मिल्काबाई गेल्याची बातमी त्यांची लेक एस्तर स्वतः घेऊन मालवणात आली. एसटीच्या धुळीने माखलेली, माझ्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "मावशी, आई गेली. महिना झाला." मी रडले. आणि मग... खरं सांगते, मला हसू फुटलं. मिल्काबाई म्हटलं की मला त्यांचे दहा पुरुष आठवतात. दचकू नका, सांगते.

मिल्काबाई बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू, अलिबागकडच्या. यजमान शालोमराव आमच्या मालवणच्या दवाखान्यात कंपाउंडर. नऊवारी नेसणारी, आपल्यासारखंच मराठी बोलणारी ही बाई कुर्ल्या-सुंगटं, म्हणजे खेकडे-कोळंबी, खात नाही, हे कळलं तेव्हा आमच्या वाडीत हाहाकार झाला. मासे विकणाऱ्या आनशीने तर दारातच विचारलं, "कुर्ल्यांशिवाय जगतंस कशी गो, बाये?"

"देवाने खवले दिले ते मासे आमचे, उघडे सोडले ते तुमचे. भांडण नाही!"

शनिवार त्यांचा विसाव्याचा वार, चूल बंद. पण शुक्रवारी दुपारी नारळाच्या रसातलं मटण शिजू लागलं की वाडीतल्या प्रत्येक घराला काहीतरी निमित्त सापडे. मटणाबरोबर दूधदही का नाही, मीठ लावून का ठेवायचं, मी विचारत राहायचे आणि त्या माझ्या हातात वाटी ठेवून माझं तोंड बंद करायच्या.

मग शालोमरावांना विषमज्वर झाला. मिल्काबाई एलियाहू पैगंबराला मलिद्याचा नवस बोलल्या. ताप उतरला... आणि नवसच अडकला. प्रार्थनेला त्यांच्यातले दहा पुरुष लागतात, आणि मालवणात त्यांचं घर एकच. अलिबागला जावं तर पावसाळा, बोटी बंद, शालोमरावांना प्रवास झेपेना. नवस राहिला तर ताप परत येईल, या भीतीने बाई सुकत चालल्या.

मी काय करावं? संध्याकाळी दहा पुरुष नेऊन उभे केले! माझे यजमान, बाबू सुतार, जाळं ओढणारे दोन रापणकार, शाळेचे मास्तर... डोकं झाकायचं म्हणून कुणाच्या टोप्या, कुणाचे टॉवेल. "धा व्हये होते मा? हे घे धा!"

"अगो, आमच्यातले लागतात," मिल्काबाई कळवळून म्हणाल्या. पण मलिद्याचं ताट तयार होतं: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर पाच फळं. आलेल्याला परत पाठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शालोमराव थरथरत्या आवाजात हिब्रू म्हणू लागले. एक ओळ संपली. इथे सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं. आमच्या दहांना ते काय ठाऊक? देवापुढच्या गाऱ्हाण्याला जे म्हणतात, तेच एका सुरात गरजले: "व्हय म्हाराजा!"

शालोमराव थांबले. मिल्काबाईंनी पदर तोंडाला लावला. मी घाबरले... पण बाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग स्वतः प्रत्येकाच्या ओंजळीत मलिदा घातला, दोनदा.

परवा एस्तरला भीत भीत विचारलं, "तुम्ही पुढे मुंबईला गेलात, तिथे दहाजण मिळाल्यावर आईने तो नवस पुन्हा नीट फेडला असेल, नाही?"

"सगळ्यांनी तेच सांगितलं. आई ऐकेना. म्हणायची, फेडलेला नवस पुन्हा फेडला, तर त्या दहाजणांना काय वाटेल?"

एवढं बोलून तिने पदर खोचला आणि माझ्याच स्वयंपाकघरात मलिद्यासाठी नारळ खवायला घेतला. मी दारातून पुरुषांना हाका घातल्या. दहातले आता सात उरलेत. कुणी मोजले नाहीत.