शिवडीची लाईन

कोणी ‘कॉम्प्युटरवाला’ म्हटलं की चिंतामणी परबाचं डोकं फिरायचं. “गिरणी कामगार आहे मी,” असं तो तोंडावर सुनवायचा. संप फसला तेव्हा तो पंचविशीत होता. पुढे लालबागच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिपाई म्हणून चिकटला आणि फळा पुसायच्या आधी त्यावरचं सगळं वहीत उतरवून प्रोग्रॅम लिहायला शिकला. गिरणी कामगार संघटनेच्या करी रोडच्या खोलीतला सर्व्हर त्यानं एकट्यानं उभा केला.

आज तोच सर्व्हर त्याची अब्रू काढत होता. घरांसाठी गिरणी कामगारांचे अर्ज सात केंद्रांतून फोनच्या लाईनवर येत होते. पाचला यादी बंद. मागाहून आलेल्याला कोण विचारतो? साडेचार झाले आणि शिवडीची त्रेचाळीस कुटुंबं अजून बाहेरच.

फोन वाजला. शिवडी केंद्र सांभाळणाऱ्या काशीबाई.

“मेल्या चिंत्या, परत तुझ्या मशीननं तोंड फिरवलान! अर्धे अर्ज गेले की लाईन तुटता. बायका रडतायत हय!”

“मावशी, दहा मिनिटं द्या.”

“सकाळपासून दहा मिनिटंच देतंय तुका!”

मागे संघटनेचा सेक्रेटरी गणपत उभा. “जमत नसेल तर सांग. शिकलेला माणूस बोलावतो.”

“गप रे. तो पँट चढवेपर्यंत पाच वाजतील.”

चिंतामणीनं कोड पुन्हा वरपासून वाचला. जोडलेल्या केंद्रांचा एक ॲरे, म्हणजे नंबरवार यादी. लूप फेरी मारत पहिल्यापासून एकेकाला विचारत जायचा, आणि ज्याची लाईन तुटली त्याला यादीतून काढायचा. एका फेरीला सव्वा मिनिट लागायचं, आणि दोन मिनिटं विचारणा झाली नाही की केंद्राचं मशीन फोन ठेवायचं. मग सगळे अर्ज पुन्हा पहिल्यापासून. यात चूक कुठेय? सहाव्या नंबरावर ठाकूरद्वार, सातव्यावर शिवडी. ठाकूरद्वारची लाईन खराब, सारखी पडायची आणि पुन्हा लागली की आपल्याच नंबरावर यायची. ती पडली की शिवडी गप्प.

तो ताडकन उठला. गिरणीच्या गेटावर बदलीवाले रोज कामाच्या आशेनं रांग लावायचे. मुकादम पुढे सरकत एखाद्याला आत घ्यायचा. लगेच मागचा त्याच्या जागी सरकायचा आणि मुकादमाच्या पाठीमागे पडायचा. झालं, त्या दिवशी चूल थंड. चिंतामणी स्वतः असा कितीदा घरी परतला होता. आणि आता तोच मुकादम त्यानं आपल्या हातानं लिहून ठेवला होता! ठाकूरद्वार गळलं की शिवडी सहाव्या नंबरावर सरकायची, आणि लूप तिला मागे टाकून पुढे जायचा.

“शेवटाकडून विचारत यायचं. मग कोणी गळला तरी सरकणाऱ्यांना आधीच विचारून झालेलं असतं.”

दोन ओळी बदलल्या. पण ते लागू करायला सर्व्हर बंद करणं भाग होतं. गणपतनं त्याचं मनगट धरलं.

“येडा झालास? सहा केंद्रं चालू आहेत. एका शिवडीसाठी सगळ्यांच्या लाईनी कापणार? परत लागल्या नाहीत तर?”

चार चव्वेचाळीस.

“हात काढ, गणपत. एकाला वगळून रांग संपली म्हणायला मी मुकादम नाय.”

सातही नावं पडद्यावरून गेली. लालबाग लागलं. परळ लागलं. एकेक करत ठाकूरद्वार, आणि सगळ्यात शेवटी शिवडी. बारा अर्ज. वीस. तीस. तेवढ्यात ठाकूरद्वार पडलं. गणपतनं डोळे मिटले.

एकतीस. बत्तीस.

चार अठ्ठावन्नला त्रेचाळीस झाले. चिंतामणीनं फोन लावला. “मावशी, सगळे आले.”

“नावां वाच. तुझ्या मशीनवर माझो विश्वास नाय.”

घाम पुसत तो पहिलं नाव वाचायला लागला.