टोपण काढायला तिसरा माणूस

आमच्याकडे चिक्कार फोटो आहेत. खाडीचे, तलावाचे, देवळांचे, कचेरीतल्या शिरस्तेदारांचे, आणि एका रेड्याचा तर इतका झकास आलाय की काय सांगू! पण आम्हा दोघांचा एकत्र असा एकही नव्हता. असणार कसा? एक जण भिंगासमोर बसला की दुसऱ्याला कॅमेऱ्याशी उभं राहायलाच लागतं. भिंगावरचं टोपण काढायचं, मनात एक श्लोक म्हणायचा, टोपण परत लावायचं. तेवढ्यात काचेवर फोटो उमटतो. माझा श्लोक धावतो आणि त्याचा रमतगमत चालतो, म्हणून मी काढलेले फोटो काळपट आणि त्याचे छान, असं त्याचं म्हणणं.

तो म्हणजे माझा सोबती. दोघंही ठाण्याच्या कचेरीत कारकून, दोघंही कोकणातून आलेलो, नौपाड्यात एका काकूंच्या घरी एकच खोली घेऊन राहिलेलो. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाचा कॅमेरा दोघांत मिळून घेतला आणि त्या दिवसापासून आमचा एकही रविवार घरात गेला नाही.

आता कॅमेरा केवढा मोठा असतो, तो काही हरवत नाही. हरवतात ती त्याची पोरंबाळं. टोपण, तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा घट्ट बसवायचा पितळी पेच, उजेड कमी-जास्त करायच्या भोकांच्या पट्ट्या, डोक्यावर घ्यायचं काळं फडकं. पहिल्याच रविवारी मासुंदा तळ्याच्या काठी गवतात पेच पडला. दोघं रांगत रांगत अख्खा काठ शोधत होतो आणि धुणं धुणाऱ्या बायका आम्हाला हसत होत्या. त्यानंतर त्याने पद्धतच लावली. जी वस्तू हातातून सुटेल ती अंगावर जायला पाहिजे. टोपण कनवटीला. पट्ट्या पगडीच्या घडीत. फडकं खांद्यावर, उपरण्यासारखं. आणि पेच जानव्याला, ट्रंकेच्या किल्लीशेजारी बांधलेला! जागा सोडताना तो हजेरी घ्यायचा.

"टोपण?"

"आहे."

"पेच?"

"अरे, तुझ्याच पोटावर लोंबतोय!"

"हजेरीत थट्टा नाही. पेच?"

"हजर, सरकार."

काकू ओट्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "काय रे, फोटो काढायला चाललात की किल्ल्या विकायला? उद्या तिकाटणंही बांधा जानव्याला."

आणि मग त्याची बदली झाली. धुळ्याला! सोमवारी सकाळच्या गाडीने निघायचं होतं. म्हणजे हाताशी एकच रविवार. मी म्हटलं, बास, आज दोघांचा फोटो काढायचाच, टोपण काढायला कुठूनही तिसरा माणूस पैदा करू. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी नाही बाई त्या डोळ्याला हात लावायची." मग कल्याणला गेलो, कारण खाडीकाठी किल्ल्याच्या खाली एक खडक आहे, तो त्याला फार आवडायचा. काचा दोनच उरलेल्या. त्यातली एक गाडीच्या हिसक्यांनी तडकली. राहिली एक.

खाडीवर भरती ओसरलेली, नुसता चिखल. एक म्हातारे कोळीबाबा जाळं धुवून काठावर पसरत होते. माझा सोबती त्यांच्याकडे गेला, मी तिकाटणं रोवलं.

"बाबा, एवढं टोपण काढायचं आणि परत लावायचं. कराल?"

"मना नाय जमनार. तुमचा डबा फुटला तं?"

"फुटत नाही हो. काढायचं, थोडं थांबायचं, लावायचं."

"थोरं म्हंजी किती?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. श्लोक कसा सांगणार? मग तोच म्हणाला, "तुमच्या देवीचं नाव घ्या मनात, सावकाश, पाचदा."

"आईचं नाव ना? त्ये घेतो की," असं म्हणून बाबा हसले आणि हात लुंगीला पुसून उभे राहिले.

मी सगळ्यात बारीक भोकाची पट्टी घातली, म्हणजे मागचा बुरूजसुद्धा नीट यावा. आम्ही खडकावर बसलो. त्याने वहाणा काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या, पगडी सारखी केली आणि मला म्हणाला, "ऐक, काही झालं तरी हलू नकोस. एकच काच आहे."

"तूच हलू नकोस."

"मी? मी दगड आहे."

बाबांनी टोपण काढलं. आणि काढलं तसं ते त्यांच्या ओल्या बोटांतून सुटलं. तिकाटण्याच्या पायावर आपटलं आणि उतारावरून घरंगळत निघालं थेट चिखलाकडे.

मी हललो नाही. देवाशपथ, मानसुद्धा वळवली नाही. फक्त शेजारून वारा आल्यासारखं वाटलं आणि तो अनवाणी धावताना मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसला. त्याला राहवलंच नाही! इतके महिने ती टोपणं नि पट्ट्या सांभाळून त्याच्या अंगात ते असं भिनलेलं की वस्तू पडली की पाय आधी धावायचे, डोकं मागाहून. तो घोट्यापर्यंत चिखलात उतरला, टोपण उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं, पळत आला आणि भिंगावर बसवलं. बाबा बिचारे तोवर आईचं नाव घेतच होते.

"अरे, तू उठलास!" मी ओरडलो.

"पण बसलेलो ना आधी? तेवढ्यात उमटलो असणार मी."

"आणि नसलास तर?"

"असेन रे! मला छापून धाडून दे, घरी दाखवीन. टोपण मिळालं हे बघ की."

तो इतका खुश होता की मलाही खरं वाटायला लागलं. परतीच्या गाडीत आम्ही त्या धावण्यावर पोट धरून हसलो.

सकाळी स्टेशनात गाडी सुटायच्या आधी त्याने सदऱ्यातून जानवं ओढून पेच सोडला आणि माझ्या हातावर ठेवला. गाठ घट्ट बसलेली, दातांनी सोडवायला लागली. म्हणाला, "बांध तुझ्या." बस, एवढंच. गाडी गेली. मी तिथून सरळ कचेरीत गेलो आणि दिवसभर काय लिहिलं देव जाणे.

कचेरीतून आल्यावर कोठीच्या खोलीत दार लावून, लाल कंदिलाच्या उजेडात काच औषधाच्या पाण्यात धुतली. आधी बुरूज आला. मग खडक आला. मग मी आलो, ताठ, मान वर, एकदम लग्नातल्या नवऱ्यासारखा. आणि माझ्या शेजारी काहीच येईना. मी काच हलवत राहिलो, हलवत राहिलो, म्हटलं येईल, उशिरा येईल. आल्या त्या फक्त त्याच्या वहाणा, चामड्याचा टाका न् टाका दिसेल इतक्या स्पष्ट. आणि त्यांच्या वर धुरासारखं पुसट काहीतरी.

मागचे तीन रविवार मी एकटाच गेलेलो. एकदा खाडीला, एकदा पारसिकच्या डोंगराकडे, एकदा नुसता मासुंद्यावर. एकही वस्तू हरवली नाही, सगळ्या जागच्या जागी. फोटो एकही काढला नाही. काळ्या फडक्यात डोकं घातलं की आत इतकं गप्प असतं ना, की बाहेर कोणीतरी उभं असायला पाहिजे असं वाटतं. मग फडकं काढायचं, बघायचं, घडी घालायची आणि घरी यायचं.

धुळ्याहून त्याचा निरोप आला, फोटो कुठाय. मी आज दोन प्रती छापल्या. दिवेलागणीला ओट्यावर बसून बघत होतो तर काकू आल्या.

"बघू. अगंबाई, एकटाच बसलास होय रे? आणि हा चुलीचा धूर कसला शेजारी?"

"धूर नाही हो काकू. तो आहे."

"कुठे?"

"हे काय, इथे. उठला तो मधेच."

"कशाला?"

"टोपण पडलं म्हणून."

काकू हसल्या नाहीत. माझ्याशेजारी टेकल्या आणि फोटो समईजवळ धरून, डोळे बारीक करून बघायला लागल्या. "हा गुडघा बघ त्याचा," त्या म्हणाल्या. खरंच होता! मला इतक्या दिवसांत दिसला नव्हता. मग मला उपरण्याचं टोक सापडलं. मग काकूंना पगडीची कड. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून त्या धुरात शोधत बसलो, एक एक करून. तोंड काही सापडेना.

"उद्या उन्हात बघू," काकू म्हणाल्या.