बाभळीची गिटार

ढोल जड लागतो म्हणून मी गिटार घेतली. एवढ्यावरनं माझी अक्कल तुमच्या ध्यानात यावी.

एकाहत्तर सालची गोष्ट. पाथर्डीला तात्यांच्या बँडमधी मी ढोल वाजवायचो. वरात गावभर फिरली की पोटावरचा ढोल उतरवताना वाटायचं, ह्यापरीस बाळंतपन सोपं. (कौसा, माझी बायको, म्हनायची, "हुऊन बघा की एकदा." तिला तीन झाली हुती.)

तेवढ्यात कळलं, नगरात एका आर्केस्ट्रावाल्याकडं इजेवरची जुनी गिटार विकायला हाय.

"कंपनीची न्हाई, पाव्हनं," तो म्हनला. "खास जुळवून घेतलेली. तारा मुंबईच्या, वायरी रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या, आन् अंग आमच्या सुताराचं. गाड्या बनवतो त्यो."

"लाकूड कसलं?"

"बाभळीचं. बैलगाडी मोडंल, ही न्हाई मोडायची."

मला हे लई आवडलं. बैल घेताना मी दात बघतो, शेपूट उचलतो, चार पावलं चालवून बघतो. गिटार भिंतीवर टांगलेली हुती, तशीच पसंत केली. इकनारा डाव्या अंगाला झुकून उभा हुता. मला वाटलं, कलाकार असाच उभा ऱ्हातो. घरी येऊन आरशापुढं मीबी तसा उभा ऱ्हाऊन बघितलं.

पैसा न्हवता. कौसाची शेळी हुती, भावानं दिलेली. धाकट्या पोरीचं दूध तिच्यावरच.

"कौसे, चार लग्नं वाजवली की शेळी परत. दिवाळीला तुझा भाऊ यायच्या आत दारात बांधतो."

"शेळी पायानं चालत जाईल," ती म्हनली. "गिटार कोन आननार?"

आख्ख्या पाथर्डीत वजनाचं तिनंच इचारलं. मी हसलो. दुसऱ्या दिशी शेळी बाजारात गेली आन् नगरच्या स्टँडवर माझं हसू गेलं. कंडक्टर म्हनला, "नांगर आत चालायचा न्हाई, टपावर टाक." टपावर चढवायला दोन हमाल लागले. त्यातला एक मला शिव्या देत हुता, दुसऱ्याला दमच न्हवता.

पहिली वरात आली. भोंगा आन् बॅटरी बैलगाडीत, वायर गाडीपासनं माझ्यापत्तुर. गिटारीचा पट्टा तुटला, म्हनून बैलाचा कासरा लावून गळ्यात घातलेली. पहिल्या गान्याला गुडघे वाकले. दुसऱ्याला मी रस्त्यात बसलो.

"उठ की!" तात्या वराडले. "वरात हाय, मुक्काम न्हाई."

दोघा वऱ्हाड्यांना माझी दया आली. दोन्ही टोकांना त्यांनी गिटार खांद्यावर घेतली, मधी मी हात वर करून वाजवतोय. मागनं बाजा, पुढं माणसं. वेशीजवळ एका म्हातारीनं हे बघितलं, पदर डोक्यावर घेतला आन् हात जोडले.

"कोन गेलं रं बाबा?"

"अजून हाय मी, आजी," नवरदेव घोड्यावरनं म्हनला.

त्याचा बाप मातर हसला न्हाई. लग्नात तिरडी काढली म्हनून तात्यांना शिव्या बसल्या, तात्यांनी मला काढलं.

"मग ढोल तरी द्या," मी म्हनलो.

"ढोल दुसऱ्याला दिला. त्यो उभा ऱ्हाऊन वाजवतो."

मंग पावसानं बी दगा दिला. लग्नं बंद. कौसा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, मी गिटारीला गिऱ्हाईक हुडकू लागलो. इकली की शेळी आननार हुतो. दिवाळीच्या तोंडावर राहुरीचा एक कालेजवाला आला. मी गिटार गळ्यात घालूनच त्याच्यापुढं गेलो.

"लई हलकी हाय बघा. दिवसभर अशीच अंगावर असती."

त्यानं गिटारीकडं बघितलंच न्हाई. माझ्याकडं बघत ऱ्हायला.

"काका, जरा सरळ उभे ऱ्हा बरं."

"सरळच उभा हाय की."

त्यो च्या पिऊन गेला. च्या बिनदुधाचाच हुता.

त्याची पाठ वळती न वळती तोच मेव्हना दारात. हातात पोरींना शेव-लाडू. त्यानं अंगनातला रिकामा खुटा बघितला.

"ताई, शेळी कुठंय?"

कौसानं चुलीपासनं मान वर केली न्हाई. नुसतं माझ्याकडं बोट केलं.

"ती काय, दारात उभी हाय. दूध तेवढं देत न्हाई."

मी खाली मान घातली. गळ्यात कासरा हुताच.