कोरडे नऊ दिवस

अंबादासजी ठोंबरे माझ्या खोलीत राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या पलंगावरची चादर ओढून सरळ केली. मला संताप आला. तोफांच्या कारखान्यात चौतीस वर्षं मापं तपासलेला माणूस. सुताएवढा फरकही डोळ्यांत खुपायचा. अशा माणसाचा ब्याऐंशीव्या वर्षी लघवीवरचा ताबा सुटला. विजय नगरच्या या वृद्धाश्रमात आम्ही बहुतेक जण त्याच रांगेतले. पण ते ओला पायजमा उशीखाली लपवायचे, आणि खोलीत वास सुटला की खिडकीकडे बघत बसायचे.

मग आश्रम चालवणाऱ्या मॅडमनी सेन्सर आणला. बटणाएवढा, डायपरला लावायचा. ओल लागली की आमच्या आयाच्या, शकुच्या, मोबाइलवर घंटी वाजायची आणि हैदराबादला असलेल्या अंबादासजींच्या मुलाच्या, शशिकांतच्या, मोबाइलवरही. अंबादासजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझं मुतणं पोराला काहून कळवून राहिले तुम्ही?" ते शकुवर ओरडले.

पण शशिकांतचा फोन आला. एरवी दिवाळी-दसऱ्याला आठवण काढणारा मुलगा "बाबा, बदललं ना?" म्हणून विचारू लागला. शकु मोबाइल त्यांच्या कानाला लावायची. बदलण्याचं बोलून झालं की नातीची परीक्षा, तिकडचं ऊन, गुडघ्याचं तेल. दोन-तीन मिनिटं, बस. नंतर अंबादासजी ते सगळं मला पुन्हा ऐकवायचे. मी चिडवायचो, "लोकांना वाढदिवसाला फोन येतो, तुम्हाला लघवीला!" ते खळखळून हसायचे. मला खरं तर हेवा वाटायचा. माझ्या नावानं कोणाचाच मोबाइल वाजत नाही.

महिन्याभराच्या नोंदींवरून त्यांच्या वेळा कळल्या. सकाळी दहा, दुपारी दीड, मग चार. शकु पंधरा मिनिटं आधीच येऊन त्यांना बाथरूमला न्यायला लागली आणि घंटी थांबली. नऊ दिवस कोरडे गेले. "अंकलजी, आप तो फर्स्ट क्लास हो गए!" मॅडम म्हणाल्या. अंबादासजी ताठ बसले, खूश झाले. फोन मात्र नऊ दिवसांत एकदाही आला नाही.

"तुम्हीच लावा की," मी म्हटलं.

"लावला होता जी. मीटिंगमध्ये होता. म्हणे, बाद में करता हूँ."

दहाव्या दिवशी सकाळी शकुनं मला दाराशी बोलावून हळूच सांगितलं की शशिकांतनं त्या मशीनमधून आपला नंबर काढायला लावलाय. बाबा आता बरे आहेत, मला कळवायची गरज नाही, असं तो मॅडमना म्हणाला. "काकांना नका सांगू जी," ती म्हणाली.

दुपारी पावणेचारला ती आली. "चला काका."

"नाही लागली."

"चला ना, होऊन जाईल."

"नाही म्हटलं ना!" ते पलंगाची कड घट्ट धरून बसले. शकु गेली. चार वाजून गेल्यावर त्यांनी डोळे मिटले, आणि मला कळलं. जीव गेला तरी ओल्यात बसायचं नाही म्हणणाऱ्या माणसानं हे जाणूनबुजून केलं होतं.

घंटी ऐकून शकु कोरडे कपडे घेऊन धावत आली. त्यांनी हात आडवा धरला. "थांब जरा. बदललं की मशीन गप्प होते. शशीचा फोन येऊन जाऊ दे."

अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. शकु दोनदा समजावून थकली. अंबादासजी तिच्या मोबाइलकडे बघत तसेच ओल्यात बसलेले. मला ते बघवेना, आणि माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. "नाही येणार फोन!" मी ओरडलो. "नंबर काढलाय त्यानं. तुम्ही बरे झालात म्हणून!"

शकुनं माझ्याकडे डोळे वटारले.  अंबादासजी तिनं सांगितलं तसे उठले, सांगितलं तसे वळले, सगळं बदलू दिलं. मग कोरड्या पायजम्यात पलंगावर बसून त्यांनी मला विचारलं, "मग मी आहे, हे त्याला माहीत तरी कसं पडेल?"