नलिनीताईंच्या फॉर्मचा किस्सा

हा किस्सा मी इथल्या मराठी मंडळात निदान वीसदा सांगितलाय. लोक पोट धरून हसतात. खरा मात्र तो आजवर कुणालाच सांगितलेला नाही — बायकोलासुद्धा नाही.

हसवायची आवृत्ती अशी. मी न्यू जर्सीत सरकारी नोकर. पुलांचे नकाशे तपासणाऱ्या विभागाचा साहेब. नलिनीताई माझ्या हाताखाली, वयाने मात्र मोठ्या. त्यांना नसांचा आजार जडला — बोटं बधिर, एकाचे दोन दिसायचे. त्यांनी डिसॅबिलिटी रिटायरमेंटचा अर्ज केला — आजारामुळे काम जमत नाही हे पटलं, तर मुदतीआधी निवृत्ती आणि पेन्शन. त्यातला एक फॉर्म साहेबाने भरायचा असतो: कामात उणीव आहे का, कधीपासून? मी लिहिलं, 'काम उत्कृष्ट. उणीव नाही.' अर्ज नामंजूर! इथे मी कपाळावर हात मारतो. "भिडस्त मराठी माणूस! ताईंबद्दल वाईट लिहायला हात धजेना, कौतुक करून पेन्शन घालवली!" टाळ्या.

भिडस्त? मी? डोंबलाचा भिडस्त!

दोन वर्षं त्यांचे आकडे चुकत होते. मला ठाऊक होतं, कारण ते मीच गुपचूप सुधारत होतो. मग वार्षिक मूल्यमापनात काय लिहीत होतो? काहीच नाही! आदल्या वर्षीचा परिच्छेद उचलायचा, नव्यात चिकटवायचा — 'उत्कृष्ट' — खाली सही, की निघालो जेवायला. हाताखालच्या सातही जणांचं तसंच. आता फॉर्मवर खरं लिहिलं, तर माझ्या वरिष्ठ बाई विचारणारच ना — मग दोन वर्षं तू काय तपासत होतास? म्हणून मी 'उणीव नाही' लिहिलं. भिडेपोटी नव्हे, स्वतःची कातडी वाचवायला. पूर्ण शुद्धीत, कॉफी पीत.

इथवर एक वेळ ठीक — छे, ठीक कसलं? आणि अजून मुद्द्यावर आलोच नाही.

नकाराचं पत्र घेऊन ताई माझ्या केबिनमध्ये आल्या. काठी टेकत. रागावल्या नव्हत्या — तेच मला आजही सहन होत नाही. "अरे श्री, कसला भोळा रे तू! माझी लाज राखायला गेलास. आता खरं काय ते लिहून दे. फेरविचाराला मुदत आहे अजून."

मुदत होती. एक पानाचं काम होतं.

मी म्हणालो, "ताई, एकदा सबमिट केलं की सिस्टिम लॉक होते. बदलता येत नाही."

कुठली सिस्टिम? कसलं लॉक? कोरा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये होता, त्यांच्या काठीपासून हातभर अंतरावर!

त्यांनी मान डोलावली. फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला. पुढे वर्षभर त्या त्याच डोळ्यांनी नकाशे तपासत राहिल्या. मग ऑफिसच्या जिन्यात पडल्या आणि राजीनामा दिला. पेन्शनशिवाय.

परवा मंडळाच्या गणपतीला त्या वॉकर घेऊन आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. मला बघून ओरडल्या, "श्री, तो माझ्या फॉर्मचा किस्सा सांग ना!"

मी उठलो. सांगितला. कपाळावर हात कुठे मारायचा, तेही चुकलो नाही.

सगळ्यांत मोठ्याने त्याच हसल्या.